एका झाडापुरता तांबेरा

गव्हावर तांबेरा पडला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. पानांवर विटकरी पूड दिसू लागते, वाऱ्याबरोबर ती शेजारच्या शेतात जाते आणि दाणा भरायच्या दिवसांत उभे पीक बसते. तांबेऱ्याला दाद न देणारे वाण तयार करण्यात कित्येक शास्त्रज्ञांची उमेदीची वर्षे खर्ची पडली आहेत. याच कुळातली एक बुरशी दक्षिण आफ्रिकेने ऑस्ट्रेलियातून मुद्दाम आणली आणि १९८७ साली आपल्या रानात सोडली. जे झाड तोडून, जाळून आणि औषधे मारूनही हटत नव्हते, त्याला या बुरशीने पंधरा वर्षांत आवरले. आक्रमक परकीय झाडांनी गिळलेले रान परत कसे मिळवायचे, हा प्रश्न आज भारतासकट सगळ्या जगापुढे आहे. म्हणून ही हकिकत नीट समजून घ्यायला हवी. बुरशीने काय केले हे त्यात आहेच, आणि बुरशीला काय करता आले नाही हेही आहे.

झुडपांच्या रानात घुसलेले झाड

आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाला, केप टाउनच्या आसपास, फेनबॉस नावाचे झुडपी रान आहे. उंच वृक्ष तिथे फारसे नाहीत. कमरेएवढी, फार तर डोक्याच्या वर जाणारी झुडपे, त्यांची बारीक चिवट पाने, मोठाल्या फुलांचे प्रोटिया, नाजूक घंटांनी लगडलेल्या एरिका आणि लव्हाळ्याच्या जातकुळीतले वाटणारे रेस्टिओ. हे रान ज्या केप प्रदेशात आहे त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. तेवढ्या जागेत सुमारे ९,००० जातींच्या वनस्पती वाढतात आणि त्यांतल्या जवळजवळ ७० टक्के जगात दुसरीकडे कुठेही आपणहून उगवत नाहीत. २००४ साली इथली संरक्षित क्षेत्रे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

ही समृद्धी उभी आहे ती निकस वाळूवर. पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो आणि काही वर्षांनी एकदा वणवा येतो. फेनबॉसला वणवा लागतोच. कित्येक झुडपांचे बी आग लागून गेल्याशिवाय सुटत नाही किंवा रुजत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केप टाउनबाहेरच्या सपाट भागातली उडती वाळू वसाहतीच्या कारभाऱ्यांना सतावत होती. वाळू धरून ठेवील, लवकर वाढेल आणि सरपणही देईल असे झाड त्यांना हवे होते. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले अकेशिया सॅलिग्ना त्यांनी आणले. दक्षिण आफ्रिकेत ते पोर्ट जॅक्सन म्हणून ओळखले जाते. आपल्या बाभळीचे हे दूरचे भाऊबंद. पिवळ्याधमक गोंड्यांनी फुलते, मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र जमिनीत आणते, त्यामुळे निकस वाळूतही जोमाने वाढते. नेमून दिलेले काम त्याने चोख केले. वाळू थांबली, पण झाड थांबले नाही.

केपचे हवामान त्याच्या मायदेशासारखेच होते. दरवर्षी शेंगा लागत, बी गळत असे आणि मुंग्या ते ओढून मातीखाली नेत. तिथे ते वर्षानुवर्षे जिवंत राही. दाट राईखाली एका चौरस मीटर मातीत हजारोंनी, काही ठिकाणी दहा-दहा हजारांनी बी साठलेले आढळले आहे. झाड तोडले तर बुडख्यातून धुमारे फुटत. आग लावली तर मातीतल्या बियांचे टणक कवच तडकून हजारो रोपे एकदम उगवत. ज्या वणव्यावर फेनबॉस जगत होते, त्याच वणव्यावर पोर्ट जॅक्सन पोसू लागले. त्याच्या सावलीत सूर्यप्रकाशाला सोकावलेली झुडपे मरू लागली. निकस मातीत नत्र वाढला. वर्षभर हिरव्या राहणाऱ्या राया जमिनीतले पाणी ओढू लागल्या, आणि तेही मुळात पाण्याची ओढ असलेल्या मुलखात.

माणसे लावून तोडणे हा उपाय होताच. १९९५ साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने ‘वर्किंग फॉर वॉटर’ हा मोठा कार्यक्रम सुरू केला. बेरोजगारांना काम देऊन पाणी पिणारी परकीय झाडे काढायची, ही त्यामागची कल्पना. पण मातीतल्या बियांचा साठा संपेपर्यंत त्याच जागेवर पुन्हा पुन्हा तोडणी करावी लागते, आणि एक फेरी चुकली की मागचा सगळा खर्च वाया जातो.

मागे राहिलेला शत्रू

मायदेशात हे झाड असे का मोकाट सुटत नाही? ऑस्ट्रेलियात त्याची पाने खाणारे, खोड पोखरणारे, बी फस्त करणारे किडे आहेत आणि त्याला आजारी पाडणाऱ्या बुरश्याही आहेत. माणसाने बी तेवढे जहाजात घातले आणि हे सगळे शत्रू मागे ठेवले. त्यांतला नेमका एखादा निवडून नव्या देशात आणायचा आणि झाडाशी त्याची पुन्हा गाठ घालून द्यायची, याला जैविक नियंत्रण म्हणतात. दक्षिण आफ्रिकेला ही पद्धत नवी नव्हती. १९१३ साली तिथे एका जातीच्या निवडुंगावर कोचिनील किडा सोडला होता. हाच किडा अठराव्या शतकाच्या अखेरीस भारतात आला होता, रंगासाठी लागणारा खरा कोचिनील समजून चुकीने आणलेला. रंग काही मिळाला नाही, पण दक्षिण भारतातला तो निवडुंग या किड्याने साफ केला. पुढे निवडुंगाविरुद्ध तो समजून-उमजून वापरला गेला.

किड्यांऐवजी बुरशी आणून सोडायची हिंमत मात्र उशिरा झाली. १९७१ साली ऑस्ट्रेलियाने गव्हाच्या शेतांतले स्केलेटन वीड नावाचे तण आवरण्यासाठी इटलीतून एक तांबेरा आणला. तणावर परदेशी बुरशी मुद्दाम सोडण्याचे ते जगातले पहिले उदाहरण. तो प्रयोग यशस्वी झाला आणि केपच्या शास्त्रज्ञांना वाट दिसली.

गाठ

नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियात या अकेशियाच्या फांद्यांवर ठिकठिकाणी तपकिरी गाठी लोंबताना दिसतात. त्या यूरोमायक्लाडियम नावाच्या तांबेऱ्यामुळे होतात. ही प्रजाती डॅनियल मॅकअल्पाइन या ऑस्ट्रेलियातल्या बुरशीशास्त्रज्ञाने १९०५ साली वर्णन केली.

या बुरशीचे काम हिवाळ्यातल्या ओल्या, गार दिवसांत चालते. जुन्या गाठीवर दालचिनीच्या रंगाची पूड असते. ती पूड म्हणजे बीजाणू, सूक्ष्मदर्शकाखाली एकाच देठावर तीन-तीन बसलेले. ओलावा मिळाला की ते रुजतात आणि त्यांतून आणखी लहान, पातळ भिंतीचे, अल्पायुषी बीजाणू बाहेर पडतात. वाऱ्यावर तरंगत ते कोवळ्या शेंड्यावर, नुकत्या फुटलेल्या पानावर किंवा कळीवर पडले तर आत शिरतात. निबर सालीवर त्यांचे काही चालत नाही. आत शिरलेली बुरशी झाडाला लगेच मारत नाही. ती त्याच्या वाढीचा ताबा घेते. त्या जागच्या पेशी बेसुमार वाढू लागतात आणि काही महिन्यांत तिथे फुगवटा येतो. तो सुपारीएवढा होतो, मग लिंबाएवढा, कधी त्याहून कितीतरी मोठा. पानांनी तयार केलेले अन्न शेंड्याकडे आणि शेंगांकडे जायचे, ते आता गाठीत मुरते. फांदीचा शेंडा वाळतो. गाठी सुकल्या की त्यांत किडे घर करतात. शेकडो गाठींच्या भाराने फांद्या वाकतात, मोडतात, आणि वर्षामागून वर्षे असे शोषण झाल्यावर एखाद्या कडक उन्हाळ्यात झाड उभ्या उभ्या वाळते.

तांबेऱ्याची आणखी एक खोड आहे. तो फक्त जिवंत झाडावरच जगतो. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत तो सहजी वाढत नाही, मेलेल्या लाकडावर तगत नाही. म्हणून तो एखाद्या झाडाशी फार घट्ट बांधलेला असतो. दक्षिण आफ्रिकेला नेमके हेच हवे होते.

आधी परीक्षा, मग प्रवेश

दक्षिण आफ्रिकेच्या वनस्पती संरक्षण संशोधन संस्थेतले माइक मॉरिस यांनी हे काम हाती घेतले. पहिला प्रश्न होता सुरक्षिततेचा. गाठी आणणारा हा तांबेरा ऑस्ट्रेलियात शंभराहून अधिक जातींच्या अकेशियांवर आणि त्यांच्या नातलगांवर आढळतो अशी नोंद होती. आफ्रिकेत स्वतःच्या बाभळी आहेत. सिंह आणि जिराफांच्या चित्रांत मागे दिसणारी छत्रीसारखी झाडे त्यांच्यातलीच. शिवाय देशाच्या पूर्व भागात ब्लॅक वॉटल या दुसऱ्या ऑस्ट्रेलियन अकेशियाच्या सालीवर आणि लाकडावर मोठा उद्योग उभा होता. तांबेरा तिकडे वळला असता तर अनर्थ झाला असता.

मॉरिस यांनी वेगवेगळ्या झाडांवरच्या गाठींतले बीजाणू घेऊन ते दुसऱ्या जातींच्या रोपांवर लावून पाहिले. पोर्ट जॅक्सनवरून घेतलेला तांबेरा पोर्ट जॅक्सनवरच बळावतो, इतर जातींवर टिकून गाठी धरत नाही, असे त्यातून दिसले. बाहेरून एकच वाटणारी ही बुरशी प्रत्यक्षात आपापल्या झाडाला चिकटलेल्या अनेक शाखांची होती. पुढे जनुकांच्या अभ्यासाने ते पक्के झाले. २०१८ साली शास्त्रज्ञांनी तिच्या अनेक स्वतंत्र जाती वेगळ्या काढल्या आणि पोर्ट जॅक्सनवरच्या जातीला मॉरिस यांच्या सन्मानार्थ यूरोमायक्लाडियम मॉरिसाय हे नाव दिले. डीएनए वाचण्याची सोय हाताशी नसताना, रोपांवर चिकाटीने केलेल्या चाचण्यांतून त्यांनी हा भेद ओळखला होता. त्या चाचण्यांना या साऱ्या कामात सर्वांत जास्त मोल आहे असे मला वाटते, कारण बुरशी एकदा वाऱ्यावर गेली की ती परत बोलावता येत नाही.

१९८७ पासून तांबेरा सोडायला सुरुवात झाली. ते काम हाताने केले गेले. गाठींवरची पूड पाण्यात कालवून ती ठिकठिकाणच्या झाडांच्या कोवळ्या फांद्यांना लावली. मग वाट पाहणे आले. पहिली काही वर्षे आजूबाजूला तुरळक गाठी दिसत होत्या. मग वारा आणि हिवाळी पाऊस यांनी उरलेले काम केले आणि तांबेरा या झाडाच्या बहुतेक मुलखात पोचला.

मॉरिस आणि त्यांचे सहकारी ॲलन वुड यांनी ठरावीक जागा निवडून दरवर्षी झाडे मोजली, गाठी मोजल्या, मातीतले बी मोजले. पंधरा वर्षांच्या या मोजणीचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. त्या जागांवर झाडांची दाटी ८७ ते ९८ टक्क्यांनी घटली होती. जैविक नियंत्रणाच्या इतिहासात एखाद्या झाडावर बुरशीने इतका परिणाम केल्याची उदाहरणे थोडीच आहेत.

झाड मेले म्हणजे रान परतले असे नव्हे

याच अहवालात सावध करणारी गोष्टही होती. झाडे कमी झाली तरी मातीतले बी संपले नव्हते. उरलेली झाडे शेंगा धरतच होती. वणवा आला की रोपांची नवी गर्दी उठे, आणि तांबेरा त्या रोपांपर्यंत पोचून त्यांना वाकवीपर्यंत काही वर्षे जात. म्हणून २००१ पासून बुरशीच्या जोडीला एक सोंड्या किडा सोडण्यात आला. मेलँटेरियस प्रजातीतला हा किडा शेंगेतले कोवळे बी खातो. बुरशी झाडाची उमर आणि ताकद कमी करते, किडा त्याची पुढची पिढी कमी करतो.

तरीही फेनबॉस आपोआप परतत नाही. अनेक दशके दाट सावलीत राहिलेल्या जमिनीत देशी बियांचा साठा विरळ झालेला असतो. नत्राने माजलेल्या मातीत प्रोटियाऐवजी परदेशी गवत आधी बस्तान बसवते. तोडलेल्या लाकडाचे ढीग तिथेच पेटवले तर आगीची धग इतकी खोल जाते की मातीतले उरलेसुरले देशी बीही भाजून निघते. केप टाउनच्या उत्तरेला ब्लाउबर्ग राखीव क्षेत्रात पोर्ट जॅक्सन काढलेल्या वाळूवर फेनबॉस परत आणण्याचे पद्धतशीर प्रयोग झाले. कुठे आधी आग लावून पाहिली, कुठे नाही; कुठे देशी बी पेरले, कुठे जमीन नुसती मोकळी सोडली. पेरायच्या बियांना धूर आणि उष्णता देण्यात आली, कारण फेनबॉसच्या अनेक जातींचे बी वणव्याच्या धुरातली रसायने लागल्यावरच जागे होते. धुराचा हा गुण १९९० साली केपमधल्याच संशोधकांनी दाखवून दिला होता. रान परत उभे करणे म्हणजे त्याच्या सवयी इतक्या बारकाईने जाणून घेणे.

बुडख्यावरची बुरशी

सगळ्या झाडांना पोर्ट जॅक्सनचा न्याय लावता येत नाही. ब्लॅक वॉटलचेच पाहा. नदीकाठच्या रानात ते उपद्रवी आहे आणि मळ्यात तेच शेतकऱ्याचे पीक आहे. वाऱ्यावर जाणाऱ्या बुरशीला मळा आणि रान यांतला फरक कळत नाही. म्हणून तिथे वेगळा मार्ग निवडला गेला.

दक्षिण आफ्रिकेत लाकूड कुजवणारी सिलिंड्रोबॅसिडियम लेव्हे नावाची बुरशी आधीपासून आहे. ती धडधाकट झाडाला काही करत नाही, पण नुकत्या तोडलेल्या बुडख्यात शिरली तर मुळांपर्यंत कुजवत नेते. तिचे बीजाणू घालून ‘स्टम्पआउट’ नावाचे उत्पादन तयार झाले आणि १९९७ साली त्याची नोंदणी झाली. झाड तोडायचे आणि कापलेल्या ताज्या भागावर तेलात मिसळलेले बीजाणू लावायचे. एरवी त्या बुडख्यातून डझनावारी धुमारे फुटले असते. आता बुडखा आतून कुजतो. रासायनिक तणनाशक लागत नाही, त्यामुळे ते ओढ्यात उतरण्याचा प्रश्न उरत नाही. आणि माणूस ज्या बुडख्याला हात लावील तोच मरतो, शेजारच्या मळ्यातले झाड सुरक्षित राहते.

नेदरलँड्समध्ये अमेरिकन काळ्या चेरीने जंगलांची तळवट व्यापली, तेव्हा तिथेही अशीच एक स्थानिक बुरशी बुडख्यांवर वापरली गेली. ती मनुका आणि चेरीच्या बागांत रोग आणते हे ठाऊक होते. म्हणून संशोधकांनी बीजाणू वाऱ्याने किती लांब आणि किती प्रमाणात जातात याचा हिशेब मांडला आणि फळबागांपासून किती अंतर राखायचे ते ठरवले.

बिनबोलावलेल्या बुरश्या

ही सावधगिरी अनाठायी नाही. दक्षिण अमेरिकेतला मर्टल रस्ट नावाचा तांबेरा २००५ साली हवाईत आणि २०१० साली ऑस्ट्रेलियात अपघाताने पोचला. जांभूळ, पेरू, निलगिरी ज्या कुळातले, त्या कुळातल्या शेकडो जातींवर तो पडतो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरची रोडॅम्निया रुबेसेन्स ही एके काळी सर्रास आढळणारी जात त्याने नामशेष होण्याच्या काठावर आणून ठेवली. खुद्द दक्षिण आफ्रिकेत २०१३ साली यूरोमायक्लाडियमचीच दुसरी एक जात कुणीही न आणता ब्लॅक वॉटलच्या मळ्यांत आढळली आणि तिथल्या शेतकऱ्यांना तिच्याशी झगडावे लागले. या बुरश्यांची आणि मॉरिस यांच्या बुरशीची ताकद सारखीच. पण एक बुरशी वर्षानुवर्षे पारखून, एकाच झाडापुरती आहे अशी खात्री करून सोडली गेली, आणि बाकीच्या माणसांच्या आणि मालाच्या वाहतुकीबरोबर निसटून आल्या.

पारखलेली बुरशीही प्रत्येक ठिकाणी यशस्वी होते असे नाही, हे भारताने अनुभवले आहे. मिकानिया नावाची दक्षिण अमेरिकेतली वेल आसामातल्या चहाच्या मळ्यांवर आणि केरळातल्या बागांवर चढते आणि खालची झाडे झाकून टाकते. तिच्यावरचा एक तांबेरा सगळ्या चाचण्या करून २००५ साली आसामात आणि पुढच्या वर्षी केरळात सोडला गेला. भारतात वनस्पतीवर परदेशी बुरशी रीतसर सोडण्याचा तो पहिलाच प्रयत्न. इथे त्याने मूळ धरले नाही. पापुआ न्यू गिनीत मात्र तोच तांबेरा जोमाने पसरला. बुरशीला झाड योग्य मिळून भागत नाही. योग्य ओलावा, योग्य हंगाम आणि सुरुवातीला पुरेसे बीजाणू, हे सगळे जुळून यावे लागते.

आपल्यासाठी काय?

नीलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतले गवताळ माळ ब्लॅक वॉटलने व्यापले आहेत. महाराष्ट्रात माळरानांवर वेडी बाभूळ आणि जंगलांत घाणेरी पसरली आहे. त्यांच्यावर एखादी बुरशी फवारली की काम झाले, असे कुणी सांगू लागले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण ‘परदेशातून आणखी एक जीव आणायचा म्हणजे आणखी एक संकट’ असे म्हणून हा विषय मिटवून टाकणेही चुकीचे आहे. केपमध्ये जे घडले ते पुराव्यानिशी समोर आहे.

तिथल्या यशाचे श्रेय मी बुरशीइतकेच माणसांच्या कामाच्या पद्धतीला देईन. शत्रू निवडताना तो किती जालीम आहे यापेक्षा तो किती एकनिष्ठ आहे हे त्यांनी आधी तपासले. मळेवाल्यांचे हित ध्यानात घेऊन एका झाडाला तांबेरा आणि दुसऱ्याला बुडख्यावरची बुरशी असा वेगळा मार्ग धरला. सोडल्यानंतर पंधरा वर्षे मोजत राहिले, आणि निकाल चांगला आला तेव्हाही जमिनीखालचे बी शिल्लक आहे हे लपवले नाही. आपल्याकडे परकीय झाडे काढण्याच्या योजना बहुतेक वेळा किती हेक्टर साफ झाले या आकड्यावर संपतात. त्या जागेत पाच वर्षांनी काय उगवले, याची नोंद क्वचितच कुणी ठेवते.

बुरशी आक्रमक झाडाचा जोर मोडू शकते आणि माणसाला उसंत मिळवून देऊ शकते. त्या उसंतीत देशी बी गोळा करणे, ते रुजवणे, वर्षानुवर्षे त्या जमिनीवर परत जाऊन पाहणे हे काम माणसांचेच आहे. ते करायची तयारी आणि त्यासाठी दीर्घकाळचा पैसा बाजूला काढलेला असेल, तरच आपण अशा एखाद्या बुरशीचा शोध सुरू करावा. तो शोध सुरू व्हायला हवा, आणि आपल्या विद्यापीठांतल्या तरुण बुरशीशास्त्रज्ञांनी तो आपला मानायला हवा.